मडके, भट्टी, जिवाणू : खेतडीच्या तांब्याची वाटचाल

जयपूरच्या वायव्येकडील मुरलीपुऱ्याला लागून सीकरचा रस्ता जातो. या रस्त्याने चौमू मागे टाकून उत्तरेची वाट धरली, की पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर झुंझुनू जिल्ह्यातले खेतडीनगर लागते. मराठी वाचकाला खेतडी ठाऊक असते ती स्वामी विवेकानंदांच्या चरित्रातून. तिथले राजा अजितसिंह हे त्यांचे शिष्य आणि पाठीराखे. शाळेच्या भूगोलात मात्र हेच नाव तांब्यासमोर जोडी लावायला येते. हिंदुस्थान कॉपर लिमिटेडचे खेतडी ताम्र संकुल ते हेच.

सरकारी उपक्रमाची वाटचाल सांगायची म्हणजे टनांचे आणि कोटींचे आकडे मांडायचे, अशी रीत आहे. खेतडीची गोष्ट अंश सेल्सिअसच्या आकड्यांत अधिक नीट कळते. दगडातून तांबे वेगळे करायला किती आच लावायची, या एकाच प्रश्नाची इथल्या माणसांनी वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आणि प्रत्येक उत्तराबरोबर गावाचे नशीब बदलले.

मडक्यातला मोरचूद

खेतडीपासून फार लांब नसलेल्या नीम का थाना परिसरात गणेश्वर नावाचे ठिकाण आहे. तिथल्या उत्खननात तांब्याची बाणाग्रे, गळ, कुऱ्हाडी शेकड्यांनी मिळाल्या. काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकाचा. पुढे अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त खेतडीशेजारच्या सिंघाना इथल्या तांब्याच्या खाणींची नोंद आहे. खेतडीचे ठिकाणे, म्हणजे संस्थान, जयपूर दरबाराचे मांडलिक होते आणि व्यवहारही त्याच दिशेने चाले. जवळच्या बबाई गावच्या खाणीतून निघणारे कोबाल्टचे खनिज ‘सेहता’ या नावाने विकले जाई. जयपूरच्या मीनाकारीतला गडद निळा रंग त्यातून येई.

1864 मध्ये कर्नल ब्रूक यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात खेतडीच्या खाणींवर लिहिले. त्या काळच्या अशा नोंदींमधून कामाची पद्धत बरीच बारकाईने समजते. खाणकामगार डोक्यावर दिवा बांधून आत उतरत आणि टणक दगड फोडण्याआधी जाळ करून तो तापवून घेत. बाहेर आणलेले खनिज कुटून त्यात शेण मिसळत, त्याच्या बोटभर जाडीच्या वळ्या करत, उन्हात वाळवून भाजत आणि मग लोणारी कोळशाच्या छोट्या भट्टीत गाळत.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी पद्धत जास्त मोलाची आहे. खाणीतला कुजका, भुसभुशीत पाटीचा दगड मातीच्या भांड्यांत पाण्यात भिजत घालायचा. पाणी निथळून घ्यायचे आणि तेच पुन्हा नव्या दगडावर ओतायचे, म्हणजे ते उत्तरोत्तर कडक होत जाई. पुरेसे कडक झाले की उकळून आटवायचे आणि निवत ठेवायचे. आधी मोरचुदाचे निळे खडे धरत. उरलेल्या पाण्यात सोरा घालून तुरटी काढत आणि शेवटच्या पाण्यातून हिराकस. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागाईतदार चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण करतो, तोच हा मोरचूद.

आज ज्याला लीचिंग म्हणतात, म्हणजे खनिजातला धातू द्रवात उतरवून घेणे, ते खेतडीत असे मडक्यात चालत होते. त्यातली अवघड पायरी निसर्गानेच आधी उरकलेली असे. खाणीतल्या जुन्या पोकळ्यांत हवा, ओल आणि सूक्ष्मजीव यांनी वर्षानुवर्षे गंधकयुक्त खनिज कुजवून त्याचे सल्फेट केलेले असे. माणसाच्या वाट्याला उरे ते पाणी आणि जाळ. मोरचूद 20 अंशांच्या पाण्यात जेवढा विरघळतो त्याच्या तिपटीहून अधिक उकळत्या पाण्यात विरघळतो, म्हणून पाणी निवले की जास्तीचा मोरचूद खड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. तापमानाचा हा गुण त्या कारागिरांनी सूत्र न मांडता पुरेपूर वापरला होता.

बाहेरचे स्वस्त तांबे बाजारात आल्यावर हा धंदा बसला. भट्ट्या विझल्या, मळीचे ढीग तेवढे राहिले.

राष्ट्रीय प्रकल्प

स्वातंत्र्यानंतर देशाला विजेच्या तारांसाठी तांबे हवे होते आणि ते देणारी एकच मोठी कंपनी होती, सिंहभूममधल्या घाटशिलाची इंडियन कॉपर कॉर्पोरेशन. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि भारतीय खाण ब्युरो यांनी खेतडीच्या टेकड्यांत नव्याने शोध घेतला. सिंघान्यापासून रघुनाथगढपर्यंत सुमारे 80 किलोमीटर लांबीचा तांब्याचा पट्टा आखला गेला. प्रकल्पाची उभारणी आधी राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाकडे होती. 9 नोव्हेंबर 1967 रोजी हिंदुस्थान कॉपर लिमिटेडची स्थापना झाली आणि खेतडीचे काम नव्या कंपनीकडे आले. 1972 मध्ये घाटशिलाचा जुना उद्योगही सरकारने ताब्यात घेऊन तिच्याच पदरात टाकला.

खेतडी आणि कोलिहान या दोन भूमिगत खाणी, चांदमारीची उघडी खाण, दगड दळून खनिज वेगळे करणारा कॉन्सन्ट्रेटर, वितळभट्टी, शुद्धीकरण विभाग, गंधकाम्लाचा आणि खताचा कारखाना असा सगळा संसार टेकड्यांच्या पायथ्याशी उभा राहिला. भट्टीचे तंत्र फिनलंडच्या आउटोकुंपू कंपनीचे होते. वार्षिक क्षमता 31,000 टन. 1974 मध्ये पहिले तांबे निघाले आणि 1975 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी संकुल राष्ट्राला अर्पण केले.

या भट्टीची खुबी सांगण्याजोगी आहे. इथले मुख्य खनिज चाल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोखंड आणि गंधक यांचे संयुग. त्याची वाळवलेली भुकटी तापलेल्या हवेच्या झोतात भट्टीत सोडली की गंधक हवेतल्या हवेत पेटतो आणि 1,200 अंशांच्या वरची आच बरीचशी त्याच्याच जळण्यातून मिळते. इंधन खनिजातच असते. धुरातला सल्फर डायऑक्साइड पकडून गंधकाम्ल करायचे आणि ते खताला वापरायचे, अशी साखळी होती.

या काळात संस्थेने इतरत्रही पाय रोवले. 1982 मध्ये बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची उघडी खाण सुरू झाली. आपल्या गोंदियाच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्यात देशातला सर्वांत मोठा तांब्याचा साठा आहे. 1989 मध्ये रायगड जिल्ह्यात तळोजा इथे तांब्याची सलग सळई ओतणारा कारखाना उभा राहिला. मलांजखंडचे खनिज खेतडीच्या भट्टीत आणि तिथले तांबे तळोज्याच्या सळईत, असा हजारो किलोमीटरचा प्रवास घडू लागला.

भट्टी थंडावली

नव्वदच्या दशकात आयातीचे दरवाजे उघडले. बंदरांजवळ दहेज आणि तुतिकोरिन इथे परदेशी खनिजावर चालणाऱ्या, कैक पटींनी मोठ्या खासगी भट्ट्या आल्या. खेतडीच्या दगडात तांबे टक्क्याच्या आसपास, खाण जमिनीखाली, बंदर शेकडो किलोमीटर दूर आणि भट्टी लहान. डिसेंबर 2008 मध्ये खेतडीची वितळभट्टी बंद झाली. खाणी चालू राहिल्या, कॉन्सन्ट्रेटरही चालू राहिला, पण तांब्याऐवजी खनिजाची भुकटी विकणे एवढेच काम उरले. भट्टीबरोबर गंधकाम्लही गेले, आणि वसाहतीची रयाही.

14 मे 2024 च्या रात्री कोलिहानच्या खाणीत पाहणीहून वर येणाऱ्या पथकाचा पिंजरा कोसळला. पंधरा जण आत अडकले. चौदांना वाचवता आले, एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. खोल खाणीत माणूस उतरवण्याची किंमत काय असते, हे त्या रात्री देशाने पाहिले.

मग प्रश्न पडतो : दगड वर न आणता, भट्टी न पेटवता, आम्लाचे पाणी खाली सोडून तांबे वर काढता येणार नाही का? इथे तापमान पुन्हा गोष्टीच्या मध्यावर येते.

दहा अंशांचा फरक

तांब्याची खनिजे दोन स्वभावांची. हवा-पाण्याने आधीच बदललेली हिरवी-निळी ऑक्साइड खनिजे पातळ गंधकाम्लात सहज उतरतात. तिथे वेग ठरतो तो द्रव दगडाच्या भेगांत किती लवकर शिरतो यावर. तापमान दहा अंशांनी वाढवले तर काम फार तर तीसेक टक्क्यांनी सुधारते.

चाल्कोपायराइटचा स्वभाव हट्टी. त्याला नुसते आम्ल पुरत नाही, लोखंडाचे फेरिक क्षारही लागतात. विक्रिया सुरू करण्यासाठी जी ऊर्जा ओलांडावी लागते ती याच्या बाबतीत मोठी, म्हणून तापमानाचा परिणामही मोठा. ही ऊर्जा प्रति मोल 75 किलोज्यूलच्या घरात धरली, तर 25 अंशांवरून 35 अंशांवर जाताना वेग अडीच पटींहून अधिक होतो आणि 30 वरून 70 वर नेल्यास तीसेक पट. थंड द्रवात आणखी एक अडचण असते. दाण्यावर गंधकयुक्त पातळ साय धरते आणि आतले तांबे कोंडले जाते. थोडे तांबे पटकन येते आणि मग महिनोन् महिने काही हलत नाही, असा अनुभव त्यामुळेच येतो. आच वाढली की ही अडचण बरीच सैल पडते.

फेरिक क्षार पुन्हा पुन्हा तयार करून देण्याचे काम जिवाणू करतात. 1947 मध्ये कोल्मर आणि हिंकल या अमेरिकी संशोधकांनी कोळसा खाणीच्या आम्लयुक्त पाण्यात असा जिवाणू दाखवून दिला. आज त्याला ‘अॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स’ म्हणतात. 1958 मध्ये केनेकॉट कंपनीच्या संशोधकांनी तांब्याच्या लीचिंगसाठी जिवाणू वापरण्याचे पेटंट मिळवले. हा जिवाणू 30 ते 35 अंशांत खुशीत असतो, चाळिशी ओलांडली की मलूल होतो. 45 ते 50 अंशांत रमणारी दुसरी जमात आहे. 65 ते 80 अंशांत काम करणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव तिसरे, उष्ण झऱ्यांतून मिळालेले. चाल्कोपायराइटला खरा घाम फोडतात ते हेच. चिलीतल्या चुकिकामाताजवळ 2003 मध्ये उभ्या राहिलेल्या प्रायोगिक कारखान्यात, टाक्यांत 78 अंशांच्या आसपास तापमान राखून, अशा सूक्ष्मजीवांनी तांबे काढून दाखवले.

म्हणून ‘जितके गरम तितके चांगले’ असे सरळ सूत्र इथे चालत नाही. 35 वरून 45 वर जाताना पहिली जमात मरते आणि दुसरी रुजायला वेळ लागतो. मधल्या काळात रासायनिक वेग वाढूनही प्रत्यक्षात उतारा घटतो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 60 अंशांवर तो पाचच्या खाली येतो. तेव्हा हवा जास्त फुंकावी लागते. उष्णतेत लोखंडाचा पिवळा गाळ, जॅरोसाइट, लवकर बसतो आणि भेगा बुजवतो. राजस्थानात बाष्पीभवनाचा हिशेब वेगळाच. जमेची बाजू म्हणजे 60 अंशांचे पाणी 20 अंशांच्या पाण्याच्या निम्म्याइतकेच घट्ट असते, त्यामुळे बारीक चिरांत ते सहज पोचते.

जमिनीखालचे गणित

खेतडीच्या शेखावाटी प्रदेशात उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि थंडीत रात्री गोठणबिंदूजवळ येतो. पण काही मीटर खाली गेले की ऋतू संपतात. तिथे वर्षभर सरासरी हवामानाइतके, म्हणजे पंचविशीच्या आसपास तापमान असते. त्याखाली दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांची भर पडते. म्हणजे तीन-चारशे मीटर खोलीवरचा खडक तिशी-पस्तिशीत. पहिल्या जमातीच्या जिवाणूंना हे माहेरच, पण चाल्कोपायराइटला कोमट.

वरून गरम द्रव सोडावा, तर खडक ती उष्णता गिळतो. हिशेब मांडू. एक टन खडक एक अंशाने तापवायला सुमारे 0.8 मेगाज्यूल लागतात. 30 वरून 60 वर न्यायचा तर 24 मेगाज्यूल. आणि एक किलो पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधक यांच्या खनिजाचे, पूर्ण ऑक्सिडीकरण झाले तर सुमारे 12 मेगाज्यूल उष्णता सुटते. म्हणजे टनामागे दोनच किलो पायराइट, कागदावर तरी, ते काम करून जाते. फिनलंडच्या तंत्राच्या भट्टीत जो गंधक क्षणात पेटत होता, तोच इथे महिनोन् महिने मंद जळणार. शेणखताचा ढीग आतून तापतो तसाच हा प्रकार. खेतडीच्या खनिजात पायराइट आहे, पायरोटाइट आहे. अडचण आहे ती हवेची. अखंड खडकात ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून आतली शेगडी पेटत नाही. आधी सुरुंगांनी खडक जागच्या जागी फोडावा लागतो, हवा आणि द्रव दोन्ही खेळवावे लागतात आणि खालून सगळा द्रव गोळा करावा लागतो. त्यातला थेंबही विहिरींकडे जाता कामा नये. झुंझुनू जिल्ह्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला आहे. तिथल्या पाण्यात आम्ल मिसळण्याचा धोका कुठल्याही तांब्यापेक्षा महाग पडेल.

हे शिकण्यासाठी एक उदाहरण नजरेसमोर आहे. खेतडीची भट्टी ज्या 2008 साली थंडावली त्याच वर्षी, भट्टीचे तंत्र देणाऱ्या फिनलंडमध्येच, तालविवारा इथे दगडाचे ढीग रचून जिवाणूंच्या जोरावर लीचिंग सुरू झाले. मुख्य धातू निकेल आणि जस्त, जोडीला तांबे आणि कोबाल्ट. बाहेर हिवाळा गोठवणारा, तरी ढिगाच्या पोटात 50 अंशांच्या वर उष्णता टिकून राहिली, कारण आत पायरोटाइट आणि पायराइट कुजत होते. पण नोव्हेंबर 2012 मध्ये तिथल्या तळ्यातून दूषित पाणी फुटून बाहेर गेले, कंपनी बुडाली आणि कारखाना अखेर सरकारी मालकीच्या टेराफेमकडे आला. उष्णतेचे गणित जमले होते, पाण्याचे चुकले.

आपल्याकडेही सुरुवात कोरी नाही. मलांजखंडच्या हलक्या प्रतीच्या दगडावर जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा आणि भुवनेश्वरची खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्था यांनी जिवाणूंचे प्रयोग केले आहेत, ते चंबूपासून मोठ्या स्तंभांपर्यंत. ही संशोधनाची वाट खेतडीच्या आवारापर्यंत यायला हवी.

पुढचे पाऊल

2023 मध्ये केंद्र सरकारने 30 महत्त्वपूर्ण खनिजांची यादी जाहीर केली. तिच्यात तांबे आहे. मलांजखंडची उघडी खाण आता भूमिगत होते आहे आणि खेतडीत बनवासचा नवा पट्टा उघडला जातो आहे. म्हणजे पुढची पन्नास वर्षे संस्थेचे भवितव्य जमिनीखालीच आहे. चांगल्या प्रतीचा दगड दळून त्याची भुकटी विकणे हा चालू धंदा आहे आणि तो चालावाच. पण त्याच्या मागे जो पाव-अर्धा टक्क्याचा दगड उरतो, दळून खनिज काढल्यावर टेलिंगचा जो गाळ साचतो, त्याला ना भट्टी परवडते ना वाहतूक. त्याच्यासाठी एकच मार्ग उरतो, तो मडक्यावाल्यांचा : दगड भिजवा, आच सांभाळा, वाट पाहा.

क्रम मात्र चुकता कामा नये. थेट खोल खडकात आम्ल सोडण्याचा मोह टाळून आधी जमिनीवर, अस्तर घातलेल्या जागेत, एक लहानसा ढीग रचावा. त्यात निरनिराळ्या खोलींवर तापमापक पुरावेत आणि शेखावाटीचा एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा यांची नोंद घ्यावी. ढीग आतून किती तापतो, कुठल्या महिन्यात कुठली जमात वरचढ ठरते, पाणी किती उडते, हे कळले की मग रिकाम्या झालेल्या भूमिगत कप्प्यांचा विचार करावा. आम्ल आता घरचे उरलेले नाही, म्हणून पायराइट कुजताना आपोआप तयार होणाऱ्या आम्लाचाही हिशेब त्याच नोंदीत यावा. आणि या नोंदी कंपनीच्या कपाटात न राहता विद्यापीठांना, गावाला आणि शेतकऱ्यांना पाहायला मिळाव्यात. पाणी त्यांचे आहे.

नवी भट्टी बांधायला हजारो कोटी लागतील आणि ती बंदरावरच्या भट्ट्यांशी स्पर्धेत टिकणार नाही. तापमापक पुरलेला एक ढीग त्या मानाने किरकोळ खर्चाचा आहे. 1967 साली सुरू झालेल्या संस्थेला साठी गाठायला फार अवधी नाही. त्याआधी एवढे एक काम हिंदुस्थान कॉपरने हाती घ्यावे.